घोड्याची शेपटी : शोभा की गरज?

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा पाहणारा माणूस दात पाहतो, खूर पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चालवून पाहतो. शेपटीकडे नजर जाते ती शेवटी, आणि तीही शोभेची वस्तू म्हणून. आज मी बोलणार आहे ते या शेपटीबद्दलच.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक टांगा होता. पावसाळ्यात चिखलाने बरबटू नये म्हणून टांगेवाल्याने घोड्याची शेपटी वर गुंडाळली, सुतळीने घट्ट आवळली, आणि सोडायची राहून गेली. तिसऱ्या दिवशी पाहतो तो शेपूट गार पडलेले, कातडे काळवंडलेले. डॉक्टरांना ते निम्मे कापावे लागले. त्यानंतर गोमाशी बसली, की ते बिचारे जनावर कातडे थरथरवी, पाय आपटी, मान वळवून दातांनी माशी हाकलू पाही. टांगेवाल्याची माया कमी नव्हती हो. माहिती कमी होती!

शेपटी म्हणजे नुसते केस नव्हेत. आत पाठीच्या कण्याचाच शेवटचा भाग असतो. त्यात बहुधा 18 च्या आसपास मणके असतात, स्नायू असतात, रक्तवाहिन्या असतात. म्हणूनच घट्ट बांधले की रक्त अडते. हाडामांसाच्या या भागावर दोरी कधीही आवळू नये. बांधायचेच झाले, तर खालच्या मोकळ्या केसांची सैल गाठ मारावी आणि काम होताच सोडावी.

आता निगा कशी राखावी ते पाहू. घोड्याच्या थेट मागे उभे राहू नये. त्याच्याशी बोलत, पाठीवरून हात फिरवीत बाजूला यावे. अंगाला खरारा करतो तसा शेपटीला करू नये, केस तुटतात. तुटलेला केस वर्षाला जेमतेम वीतभर वाढतो, तेव्हा शेपटी पुन्हा भरायला काही वर्षे लागतात. आधी बोटांनी गुंता सोडवावा, काटेकुसळे काढावीत. मग शेपटी एका हातात धरून टोकापासून सुरुवात करावी आणि रुंद दातांच्या फणीने थोडेथोडे वर यावे. गुंता फार असेल तर किंचित खोबरेल लावावे. धुताना सौम्य साबण पुरे. पण तो पूर्ण निघेपर्यंत पाणी घालावे. राहिलेल्या साबणाने खाज सुटते. शेपटीखालची जागा ओल्या फडक्याने पुसावी. ते फडके डोळ्यांना लावू नये.

घोडा भिंतीला शेपूट घासू लागला, की लोक म्हणतात, ‘खोड लागली.’ खोड नव्हे ती! मळ असेल, बारीक चिलटांच्या चाव्याची खाज असेल, किंवा पोटात जंत असतील. एका जातीच्या जंताची मादी गुदद्वाराशी येऊन चिकट अंडी घालते, आणि त्याची खाज घोड्याला बेचैन करते. अशा वेळी मार न देता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

शेपटी बोलतेही. चालताना ती सैल झुलत असेल तर घोडा निवांत आहे. पायांत दाबून धरली तर भ्याला आहे, किंवा कुठे दुखते आहे. माश्या नसताना ती सारखी फटकारीत असेल, तर खोगीर वा साज काढून पाठ तपासावी.

इंग्लंडात एके काळी गाडीच्या घोड्यांची शेपटी तोडण्याची चाल होती. 1949 साली तिथे कायद्याने ती बंद झाली. आपल्याकडेही 1960 च्या कायद्याने जनावराचा अवयव विद्रूप करणे हा गुन्हा ठरला आहे. पण कायदा काही पागेत राहायला येत नाही. तिथे आपणच असतो. शिक्षकबंधूंनी मुलांना एखादा घोडा दाखवून एवढेच विचारावे, ‘याला हात नाहीत, मग हा माशी कशाने हाकलील?’ उत्तर मुलेच देतील, आणि ते आयुष्यभर विसरणार नाहीत.