जुनी गाडी पासिंगला नेण्याआधी

बैलबंडीला कधी पासिंग नव्हते. तरीही हंगामाआधी तिचा आख पाहिल्याशिवाय आणि चाकाला वंगण घातल्याशिवाय जाणता शेतकरी तिच्यात कापूस भरत नसे. आता बंडीची जागा जुन्या पिकअपने, छोट्या हत्तीने, ट्रॅक्सने घेतली. वेग दहापट झाला, वजन वाढले, पण हंगामाआधी खाली वाकून पाहण्याची ती सवय मात्र बंडीबरोबर गोठ्याच्या मागेच राहून गेली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, गिरडसारख्या गावी या गाड्यांवाचून एक दिवस चालत नाही. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव वर्ध्यापासून पन्नास-साठ किलोमीटर दूर. कापूस हिंगणघाटला न्यायचा, मोठ्या दवाखान्यासाठी उमरेड-नागपूर गाठायचे, आणि टेकडीवरच्या बाबा फरीदांच्या दर्ग्याला येणाऱ्या भाविकांची रीघ तर निरनिराळ्या धर्मांची. आपल्याकडे या साऱ्या गाड्यांना सरसकट ‘मेटाडोर’ नाहीतर ‘टेम्पो’ म्हणतात. ही दोन्ही नावे मुळात एकाच कारखान्याची. १९५८ साली फिरोदियांनी सुरू केलेल्या बजाज टेम्पो कंपनीची ती वाहने. त्या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, आपल्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. गाड्याही पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या आहेत, आणि आज बोलायचे ते त्यांच्याविषयी.

प्रथम कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे भाड्याने माल किंवा माणसे वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. यालाच आपण पासिंग म्हणतो. नव्या गाडीला ते २ वर्षांचे मिळते. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर २ वर्षांनी नवे करायचे, आणि ८ वर्षे उलटली की दरवर्षी. हे प्रमाणपत्र नसेल तर त्या गाडीची नोंदणीच कायद्याच्या नजरेत वैध धरली जात नाही. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेते आणि भरपाईची वसुली मालकाकडून होण्याची वेळ येऊ शकते. दोन-चार एकर विकण्याची पाळी येते ती अशी.

पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीचा हिशोब वेगळा आहे. तिची नोंदणी १५ वर्षे चालते, नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे या १५ वर्षांत निरीक्षकाने तिच्याखाली वाकून पाहण्याचा प्रसंग येतोच असे नाही. आता गावात पांढऱ्या पाटीची जुनी व्हॅन पोरांना शाळेत नेते-आणते, तेव्हा हे ध्यानात घ्यावे. ती गाडी भाड्याने चालवण्याचा परवाना तर नसतोच, पण तिचा ब्रेक कोणी तपासला आहे का, याचेही उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते.

१५ वर्षे झाली की गाडी सक्तीने भंगारात जाते, अशी एक भीती गावोगाव पसरली आहे. तसे नाही. २०२१ साली केंद्राचे भंगार धोरण आले आणि १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून मोडीत निघू लागल्या हे खरे. पण आपल्या भागातल्या खाजगी मालकाच्या गाडीचे भवितव्य तिच्या वयावर ठरत नाही, ते तपासणीच्या निकालावर ठरते. म्हणूनच त्या निकालाची तयारी घरी करता आली पाहिजे.

पूर्वी पासिंग म्हणजे बरेचदा नुसता वरवरचा फेरफटका असे. ब्रेक खरोखर लागतो की नाही हे पाहायला मोकळा रस्ता हवा. मुंबई उच्च न्यायालयापुढे एका जनहित याचिकेत हा प्रश्न आला आणि २५० मीटर लांबीचा ब्रेक चाचणीचा मार्ग असल्याखेरीज तपासणी करू नये, असे ठरले. २०१७ च्या अखेरीस मार्ग नसलेल्या अनेक कार्यालयांतले काम त्यापायी थांबले होते. आता तर स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले आहेत. तिथे चाके रुळांवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर धरतो हे यंत्र सांगते. डाव्या-उजव्या चाकांत फरक पडला की तो लगेच दिसतो. यंत्रापुढे ओळख आणि चहापाणी चालत नाही.

परदेशात हा अनुभव जुना आहे. ब्रिटनने १९६० साली १० वर्षांवरच्या गाड्यांची तपासणी सुरू केली. नापास होणाऱ्यांचे प्रमाण एवढे निघाले की वर्षभरातच ती ७ वर्षांवर आणली आणि १९६७ मध्ये ३ वर्षांवर. तिथे कोणत्या दोषाने किती गाड्या नापास झाल्या ते आकडे दरसाल छापतात. त्यांत वर्षानुवर्षे तीच नावे वरती असतात: दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर. इंजिनाचा नंबर खूप खाली लागतो. आपला गाडीवाला मात्र पासिंग आले की इंजिन धुऊन काढतो आणि रंगाचा हात मारतो!

ब्रेकपासून सुरुवात करू, कारण बाकी सारे एकीकडे आणि ब्रेक एकीकडे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर ठीक आहे. गेलेच नाही तर मिस्त्रीला दाखवावे. आता पाय तसाच मिनिटभर दाबून ठेवावा. पेडल हळूहळू खाली बसत गेले तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे किंवा ब्रेक ऑइल कुठेतरी झिरपते आहे. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा शिरली. आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढत असेल, तर बहुधा एका चाकाचा सिलिंडर पाझरून लायनरवर तेल उतरलेले असते. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेला ओला डाग दिसतो का ते पाहावे. तो डाग पाण्याचा नाही.

ब्रेक ऑइल कमी झाले की वरून थोडे ओतायचे, एवढेच आपण करतो. पण हे तेल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की लवकर उकळते. भरलेली गाडी लांब उतारावर सतत ब्रेक मारत आली तर ऐन वेळी पेडल पोकळ जाते ते यामुळेच. दर २ वर्षांनी सगळे तेल बदलावे. पावसाळ्यानंतर ड्रम उघडून घ्यावेत. आपली काळी माती ओली असताना आत शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते.

हातब्रेकची गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. चाकामागे दगड लावण्याची सवय झाली की हातब्रेकची तार गंजून अडकते. बाबा फरीदांच्या टेकडीवर व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा लोक सांगतात. त्या चढावर हातब्रेकाविना मेटाडोर उभी करणाऱ्याच्या मालाचे काय होईल, ते सांगायला मात्र कथा नको.

यानंतर पुढची चाके. जॅकवर चाक उचलावे, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, लाकडी ठोकळे लावावेत. चाक वर-खाली धरून हलवले आणि खटखट लागले तर बेअरिंग किंवा किंगपिन गेली. डावी-उजवीकडे हलवून लागले तर टाय रॉडचे टोक. स्टिअरिंग किती मोकळे फिरते तेही पाहावे. नियमाप्रमाणे ही ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांत कापावे तेवढेच अंतर. जुन्या गाडीत ती याच्या दुप्पटही सापडते, आणि चालक म्हणतो की मला सवय आहे! समोरून येणाऱ्याला ती सवय नसते.

मागचे पाटे पाहताना तुटलेला पाटा शोधावाच, पण वाढवलेला पाटाही शोधावा. जास्त बोरे बसावेत म्हणून एक-दोन पाटे वाढवले की गाडी वाकत नाही, तेव्हा मालकाला वाटते तिची ताकद वाढली. पण ब्रेक, आख आणि टायर कारखान्यातून आले तेवढ्याच वजनाचे असतात.

आता असा दोष सांगतो, जो शेतकऱ्याच्या गाडीत शहरातल्या गाडीपेक्षा जास्त असतो. युरियाच्या आणि इतर खतांच्या गोण्या वाहून गाडीच्या तळाशी खत सांडते. ओलावा लागला की ते खारे पाणी होऊन पत्रा आणि चेसिस खात सुटते. वरून रबरी चटई अंथरलेली, त्यामुळे वर्षानुवर्षे कळत नाही. खालून पाटे जिथे चेसिसला बसतात ती जागा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहाव्यात. खळ्ळ असा आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर रंग मारून उपयोग नाही. गंजलेली ब्रेकची नळी आधी काही सांगत नाही, जोराने ब्रेक मारल्यावर फुटते. खत वाहून आणल्या दिवशीच गाडीचा तळ बादलीभर पाण्याने धुऊन वाळवला तर निम्मे काम होते, आणि ते घरातले पोरही करू शकते.

दिव्यांमुळे नापास होणे म्हणजे निव्वळ आळसाचे फळ. मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर दोघांनी मिळून पाच मिनिटांत पाहता येतात. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, तेव्हा काल लागणारा दिवा आज लागेलच असे नाही. लाल-पिवळी रेडियम पट्टी चिखलाखाली झाकली असेल तर ती असून नसल्यासारखी. कापसाचे बोरे मागच्या दिव्यांवर लोंबता कामा नयेत. जामच्या पुढे महामार्गावर रात्री मागून येणाऱ्या ट्रकला आपली गाडी दिसली नाही तर आपल्या ब्रेकचा काय उपयोग? पुढच्या दिव्यांत बाजारातले पांढरेशुभ्र झगझगीत बल्ब बसवू नयेत. ते तपासणीत अडकतात, आणि समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपवतात ते वेगळेच.

टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसाव्यात. मोजपट्टी नको, खाचेच्या तळाशी रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांना टेकले की संपले. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. खाचा शाबूत असूनही उन्हात तडकलेला जुना टायर भरल्या गाडीखाली फुटतो. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर चढवायचे आणि संध्याकाळी परत करायचे, असेही प्रकार ऐकू येतात. निरीक्षक त्या दिवसापुरता फसेल, पण दुसऱ्या दिवशी त्या गाडीत आपलीच माणसे बसायची असतात.

धुराचे लवकर आटोपते. काळा धूर बहुधा चोंदलेल्या एअर फिल्टरचा नाहीतर खराब झालेल्या नोझलचा. आधी शंभर-दोनशे रुपयांचा फिल्टर बदलून पाहावा, मग पंप उघडावा. सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी, आणि घरगुती गॅसचे सिलिंडर गाडीत जोडलेले दिसले तर त्या गाडीत पाऊलच ठेवू नये.

हे सारे तारखेच्या आदल्या संध्याकाळी करून होत नाही. महिनाभर आधी गाडी मिस्त्रीकडे न्यावी म्हणजे सुटे भाग नागपूरहून मागवायला सवड राहते. गाडी नापास झालीच तर दोष लेखी मागून घ्यावेत आणि तेवढेच दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा न्यावी. मध्यस्थाला पैसे मोजण्यापेक्षा तेच ब्रेकच्या लायनरला मोजलेले बरे.

ज्यांची स्वतःची गाडी नाही, त्यांनी हे वाचून बाजूला ठेवू नये. माय-बहिणी निंदणी-वेचणीला ज्या पिकअपच्या मागच्या हौद्यात उभ्याने जातात, ती मुळात माणसे वाहायची गाडीच नव्हे, आणि तिचे पासिंग झाले असले तरी ते मालासाठी झालेले असते. पोरांच्या शाळेच्या व्हॅनचे पासिंग आणि विमा कधीपर्यंत आहे, हे सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसते. घरात कोणाकडे तरी तसा फोन असतोच. तारीख उलटून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी पोराला त्या गाडीत बसवू नये, आणि शेजारच्या पालकांनाही बोलावून घ्यावे. चालकाशी भांडण करण्याचे कारण नाही. तो बहुधा आपल्याच गावचा असतो, आणि तपासणीसाठी वर्ध्याला जाण्यात त्याचा पूर्ण दिवसाचा धंदा बुडतो म्हणून तो टाळत असतो. त्या एका दिवसाचे भाडे दहा घरांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल, याचा हिशोब त्याच्यासमोरच बसून करावा आणि वर्ध्याला जाण्याची तारीख त्याच बैठकीत ठरवून टाकावी.