६४ जीबीचा संसार
खिशातला संगणक : लेखांक ९

फोनच्या खोक्यावर ६४ जीबी छापलेलं असतं, पण तेवढी जागा हाती कधीच येत नाही. विकणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. १०२४च्या पटीत मोजणाऱ्या जुन्या हिशेबाने त्याच ६४चे साठही भरत नाहीत. त्यातून अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स दहा-पंधरा जीबी अडवून बसतात. उरलेल्या जागेत आपला संसार: बारशापासून बाराव्यापर्यंतचे फोटो, बँकेचं अ‍ॅप, मुलांचे गेम, आणि चाळीस ग्रुपांमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा माल. मग एके दिवशी ‘स्टोरेज फुल्ल’ असा निरोप येतो आणि माणूस दिसेल ते पुसत सुटतो. नेमकं त्या घाईतच हवं ते जातं.

मागच्या लेखांकात बॅटरीबद्दल लिहिलं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं मात्र बॅटरीची नव्हती, जागेची होती. त्यांत एक गोंधळ सारखा दिसला. फोनमध्ये जागा करणं हे एक काम, आणि फोटो-कागदपत्रं जपणं हे दुसरं. पहिलं केलं की दुसरं आपसूक होतं असा समज आहे, आणि फोनमधली बटणं हा समज आणखी पक्का करतात.

सोपं काम आधी उरकू. जागा खातो तो मुख्यतः व्हिडिओ. अ‍ॅपलने आयफोनसाठी दिलेल्या आकड्यांनुसार नव्या, आटोपशीर फॉरमॅटमध्ये फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी घेतो, तर सेकंदाला ६० फ्रेम्सचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला ४०० एमबी. शाळेच्या गॅदरिंगमधला दहा मिनिटांचा नाच एका सेटिंगमध्ये ६०० एमबीत मावतो, दुसऱ्यात ४ जीबी खातो. आणि पाहायचा असतो तो फोनच्याच पडद्यावर, जिथे दोघांतला फरक आजीलाच काय, नाचणाऱ्या नातीलाही कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोर-के बंद करणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरा वाटा सुप्रभातवाल्यांचा. गूगलने डिसेंबर २०१७मध्ये ‘फाइल्स गो’ नावाचं अ‍ॅप आणलं ते भारतासारख्या देशांतले कमी जागेचे फोन डोळ्यांसमोर ठेवूनच; आज तेच ‘फाइल्स बाय गूगल’ या नावाने बहुतेक फोनांत असतं. पण मूळ नळ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. पुष्कळजण तिथलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करतात आणि निर्धास्त होतात. त्याने फोटो फक्त गॅलरीत दिसायचे थांबतात, फोनमध्ये उतरायचे थांबत नाहीत. उतरणं थांबवायचं तर ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’च्या खुणा काढाव्या लागतात. तिथेच ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. ५ एमबीहून मोठ्या आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली ते वेगळ्या काढून दाखवतं. पंधरा मिनिटांत चार-पाच जीबी सहज सुटतात.

एक इशारा. अ‍ॅपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. पहिलं निरुपद्रवी. दुसरं व्हॉट्सअ‍ॅपवर दाबलंत तर गप्पांसकट सगळं धुऊन निघतं.

जागा अगदी काठोकाठ भरली की फोन रेंगाळतो, त्यालाही कारण आहे. फोनमधल्या फ्लॅश मेमरीला भरलेल्या जागेवर थेट नवं लिहिता येत नाही. एक अख्खा ठोकळा आधी पुसावा लागतो, आणि त्याआधी त्यातली कामाची माहिती दुसरीकडे हलवावी लागते. हलवायलाच जागा नसेल तर ही उलथापालथ वाढते. म्हणून दहावा हिस्सा तरी मोकळा असावा.

आता जपण्याकडे वळू. इथेच लोक फसतात.

गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ असं एक बटण आहे आणि कचरापेटीची एक खूण आहे. पहिल्याने, जे फोटो क्लाउडवर चढून झाले आहेत त्यांच्या फक्त फोनमधल्या प्रती जातात. कचरापेटीने फोटो दोन्हीकडून जातो. ‘क्लाउडवर आहे ना, मग फोनमधून काढू या’ असं म्हणत लोक कचरापेटी दाबतात आणि वरची प्रतही घालवून बसतात. क्लाउडवर चढलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका ठिकाणी पुसलेलं सगळ्या उपकरणांतून जातं आणि मुदत ३० दिवसांची असते. जागेची अडचण असेल तर तिथे ‘ऑप्टिमाइज स्टोरेज’ हा पर्याय आहे: मूळ फोटो वर, फोनमध्ये लहान आवृत्ती. म्हणजे ही सेवा फोन आणि क्लाउड यांना एकमेकांशी जुळवून ठेवते. आपली चूकही ती तितक्याच इमानाने दोन्हीकडे जुळवते.

समजा तुम्ही योग्य बटण दाबलंत. तरी एक गणित उरतं. आधी फोटोची एक प्रत फोनमध्ये होती आणि एक क्लाउडवर. जागा मोकळी झाल्यावर उरली एकच, ती क्लाउडवर. फोन हलका झाला. फोटो मात्र सुरक्षित झाले नाहीत, त्यांचा फक्त पत्ता बदलला.

त्या पत्त्यावरचे नियम कसे बदलतात हे आपण पाहिलेलं आहे. मे २०१५मध्ये गूगल फोटोज सुरू झालं तेव्हा थोड्या घटवलेल्या दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१पासून ती सोय संपली आणि नवे फोटो जीमेल आणि ड्राइव्हसोबतच्या सामायिक १५ जीबीत मोजले जाऊ लागले. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही काही वर्षं या हिशेबाबाहेर होता; २०२४पासून तोही आत आला. त्यामुळे एका घरगुती ग्रुपमधले व्हिडिओ आपली मेलपेटी बंद पाडू शकतात. १५ जीबी भरले की जीमेलवर येणारं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत ही गोष्ट फार महागात पडते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची खूण आहे, ती आजच पाहून घ्या.

पैसे देऊन जागा घ्यावी का? माझं मत: घ्यावी. गूगलची १०० जीबीची योजना भारतात महिना १३० रुपयांच्या आसपास पडते आणि घरातल्या आणखी पाच जणांत वाटून घेता येते. अ‍ॅपल फुकट देतं ते फक्त ५ जीबी, त्यामुळे आयफोनवाल्यांना ही वेळ लवकर येते. ऑगस्ट २०२४मध्ये जिओने आपल्या ग्राहकांना १०० जीबीपर्यंत मोफत क्लाउड जाहीर केलं. फुकट मिळतंय तर वापरा, पण २०२१चा अनुभव विसरून एकुलती एक प्रत तिथे ठेवू नका. भाड्याच्या खोलीत राहावं खुशाल. दागिने मात्र तिथेच सोडून गावाला जाऊ नये. भाडं थकलं आणि हिशेब दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिला तर साठवलेलं काढून टाकण्याचा हक्क गूगलने नियमांतच राखून ठेवला आहे. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खातीही डिसेंबर २०२३पासून बंद होऊ लागली आहेत. वडील गेले, त्यांचा फोन कपाटात ठेवला, आणि त्यांचे फोटो ‘गूगलवर आहेतच’ म्हणून निवांत राहिलेल्या घरांनी हा नियम ध्यानात घ्यावा. खात्यात ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खातं ठरावीक महिने शांत राहिलं तर आपली माहिती कोणाच्या हाती जावी हे तिथे हयातीतच लिहून ठेवता येतं. मृत्युपत्राइतकंच ते अवघड वाटतं, पण लागतात पाच मिनिटं.

क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रं. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती केंद्राला लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही व्यवस्था तिथेच होती, आणि तिची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. ८५८ टेराबाइट गेले. मोठ्या कंपन्या एकच माहिती अनेक ठिकाणी ठेवतात, त्यामुळे आपल्या बाबतीत आगीपेक्षा पासवर्डाची भीती मोठी. जुनं सिम बंद झालं, रिकव्हरीला तोच नंबर दिलेला होता, आणि खात्याचं दार कायमचं लागलं, असं जास्त घडतं.

तर एक प्रत घरात हवी. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक ठोकताळा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्यासाठी त्याचा अर्थ फोन, क्लाउड आणि एक हार्ड डिस्क.

लॅपटॉप असेल तर साधी केबल पुरते. जोडल्यावर फोन फक्त चार्ज होत राहतो. वरून पट्टी ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं, मग ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसतो. कॅमेऱ्याचे फोटो त्यात असतात. कॉपी करा, कट कधीही नाही, कारण मध्येच केबल हलली तर फाइल ना इकडची राहते ना तिकडची. हजारो फोटो एकदम ओढले की हा जोड अडखळतो, म्हणून महिन्या-महिन्याचे गठ्ठे करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइडवर दररोज पहाटे दोनला गप्पांची एक प्रत फोनमध्येच बनवतं. ती ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’त सापडते आणि तोही फोल्डर उचलून ठेवता येतो, परत वापरायला मात्र तोच मोबाइल नंबर लागतो.

लॅपटॉप नसेल तर टाइप-सी तोंडाचा ओटीजी पेनड्राइव्ह. तो वाहतुकीला उत्तम, वर्षानुवर्षं साठवायला नाही. फ्लॅशमधली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपतो. लग्नाच्या व्हिडिओचं आणखी एक त्रांगडं आहे. पेनड्राइव्हवर वीस जीबी मोकळे दिसतात, तरी ‘फाइल खूप मोठी आहे’ असं उत्तर येतं. तो फॅट-३२ पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न सुटतो. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, एवढं लक्षात असू द्या.

फोनमध्येच बसवलेलं मेमरी कार्ड दुसरी प्रत म्हणून धरू नका, फोन लोकलमध्ये मारला गेला की तेही जातं. आणि फुटपाथवर काही शेकड्यांत मिळणारं ‘१ टीबी’चं कार्ड घेऊच नका. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि तिला १ टीबी असल्याचं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. फाइली चढल्यासारख्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून, परत वाचून ही लबाडी पकडतं.

फोन दुरुस्तीला देण्याआधी तर प्रत हवीच. पूर्वी गल्लीतला कारागीर मेलेल्या फोनमधूनही काहीबाही काढून द्यायचा. अँड्रॉइड १०पासून नव्या फोनांतली माहिती कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डात असते. बोर्ड बदलला की जुनं वाचायला कुणीच उरत नाही. सुरक्षिततेसाठी केलेली ही सोय चोरासारखीच मालकालाही अडवते.

फोटो निवडून, नीट लावून मग कॉपी करू, असं बरेचजण ठरवतात आणि ते कधीच होत नाही. डिस्कवरची जागा स्वस्त आहे, रविवार महाग आहेत. सरसकट सगळं उचला. सात-बारा, आधार, गुणपत्रिका यांचे मात्र गॅलरीत दहा-दहा फोटो बाळगण्याचं कारण नाही; डिजीलॉकरमध्ये जे सरकारी कागद थेट खात्याकडून येतात ते तिथून केव्हाही उघडता येतात.

एवढं करून एक गोष्ट राहते, ती म्हणजे प्रत उघडून पाहणं. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गेलिन सुसमन या बाळाच्या जन्मानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली आणि काम वाचलं. पुढे त्या चित्रपटाची कथाच बरीचशी नव्याने रचली गेली, तो भाग वेगळा. आपल्यासाठी काम एवढंच: डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा, वेगवेगळ्या वर्षांतले आठ-दहा फोटो आणि दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहा, आणि त्यानंतरच फोनमधलं काही पुसा.

जुने फोटो फक्त गूगलवरच उरले असतील तर ‘गूगल टेकआउट’मधून ते मागवता येतात. फाइलीचा आकार १० जीबी ठेवा, कारण ५० जीबीची एक फाइल आपल्या इंटरनेटवर मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उतरवण्याची लिंक साधारण आठवडाभर चालते. काही फोटोंची तारीख सोबतच्या वेगळ्या ‘जेसन’ फाइलीत येते, म्हणून २०१६ची दिवाळी डिस्कवर आजच्या तारखेची दिसली तर घाबरू नका आणि त्या जेसन फाइली निरुपयोगी समजून पुसूही नका.

(पुढील आठवड्यात : जुना फोन विकण्याआधी)