थोरल्या भावांचं गणित

गेल्या आठवड्यात आपण जनुकांपाशी थांबलो होतो. २०१९ साली ४ लाख ७७ हजारांहून अधिक माणसांची जनुकीय माहिती चाळून समलिंगी वर्तनाशी संबंध दाखवणाऱ्या जेमतेम पाच जागा हाती लागल्या. त्यांच्यावरून कुणा एकाचा कल सांगता येत नाही, हेही आपण पाहिलं. पण जन्माआधी माणसावर परिणाम करणारी गोष्ट जनुकं एवढीच नसते. आईच्या पोटातले नऊ महिनेही त्याला घडवत असतात. आजचा लेख त्या नऊ महिन्यांचा.

१९९६ साली कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी एक अगदी साधी गोष्ट मोजली. समलिंगी पुरुषांना भावंडं किती आणि त्यांत त्यांचा स्वतःचा नंबर कितवा? भिन्नलिंगी पुरुषांशी तुलना केल्यावर दिसलं, की समलिंगी पुरुषांना थोरले भाऊ जास्त असतात. थोरल्या बहिणी किती, धाकटी भावंडं किती, याने फरक पडत नव्हता. नंतरच्या अभ्यासांतून अंदाज निघाला, की पाठीवरच्या मुलाच्या बाबतीत दर थोरल्या भावामागे समलिंगी असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते.

एक तृतीयांश म्हटलं की दचकायला होतं, म्हणून हिशेब करूनच बघू. पहिल्या मुलाच्या बाबतीत शक्यता शंभरात दोन धरली, तर एक थोरला भाऊ असलेल्याची होते अडीचच्या जरा वर आणि तीन थोरले भाऊ असलेल्याची पावणेपाचच्या आसपास. म्हणजे तीन मुलांनंतर झालेलं शेंडेफळही शंभरातल्या पंचाण्णव घरांत भिन्नलिंगीच असणार. उलट बाजूने, कितीतरी समलिंगी पुरुष घरातले थोरले किंवा एकुलते एक असतात. २००२ मधल्या एका अंदाजानुसार सात समलिंगी पुरुषांमागे एकाच्या बाबतीत हे भावांचं कारण लागू पडतं. उरलेल्या सहांचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागेल.

यावर पहिली शंका अशी, की भावांनी भरलेल्या घरात धाकट्याचे लाड वेगळे होतात, तो वेगळा वाढतो. मग हा संगोपनाचा परिणाम कशावरून नाही? ही शंका रास्त आहे, आणि बोगार्ट यांनी २००६ मध्ये तिची थेट परीक्षा घेतली. ९४४ पुरुषांच्या या अभ्यासात काही जण दत्तक किंवा सावत्र भावांबरोबर वाढलेले होते, तर काहींचे सख्खे भाऊ दुसऱ्याच घरी वाढले होते. एका छपराखाली कितीही वर्षं काढली तरी सावत्र वा दत्तक थोरल्या भावांचा परिणाम दिसला नाही. एकाच आईच्या पोटी आधी जन्मलेल्या भावांचा मात्र दिसला, मग ते बरोबर वाढलेले असोत वा नसोत. तेव्हा आधीच्या मुलग्यांची आठवण ठेवणारं काही असेल, तर ते आईच्या शरीरात असलं पाहिजे.

शरीर अशी आठवण ठेवतं हे वैद्यकाला नवं नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असलं, तर प्रसूतीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर ते परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं. धोका पुढच्याला, कारण तोवर प्रतिपिंडं तयार असतात. म्हणूनच बाळंतिणीला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. ब्लँचर्ड आणि बोगार्ट यांचा तर्क याच वाटेने जातो. मुलग्याकडे वाय गुणसूत्र असतं, आईकडे नसतं. त्या गुणसूत्रावरून बनणारी प्रथिनं आईच्या शरीराला परकी वाटू शकतात आणि दर मुलग्यागणिक ही ओळख पक्की होत जाते. पुढच्या एखाद्या मुलाच्या वेळी प्रतिपिंडं वारेतून गर्भापर्यंत पोचतात आणि घडत असलेल्या मेंदूच्या जोडणीत किंचित फरक पाडतात.

२०१७ च्या अखेरीस या दोघांच्या गटाने पुरावा पुढे ठेवला. मेंदूतल्या पेशींच्या जोडणीत भाग घेणारं, वाय गुणसूत्रावरून बनणारं न्यूरोलिगिन-४ वाय हे प्रथिन त्यांनी निवडलं आणि १४२ स्त्रियांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं मोजली. समलिंगी मुलगे असलेल्या आयांमध्ये, विशेषतः त्या मुलाला थोरले भाऊ असतील तर, ती जास्त निघाली. नमुना लहान आहे, त्यामुळे एवढ्यावर इमारत उभी राहत नाही. पाया खणायची जागा मात्र ठरली.

इथे मला आयांसाठी थांबायचं आहे. १९६२ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक आयर्विंग बीबर यांनी मुलाला जवळ ओढणारी आई आणि दूर राहणारा बाप हे समलैंगिकतेचं कारण म्हणून मांडलं, आणि किती घरांत किती बायकांनी ते ओझं वाहिलं. आपल्याकडेही ‘आईनेच लाडावून ठेवला’ हे वाक्य तयारच असतं. प्रतिपिंडांचा सिद्धांत वाचून ‘बघा, आईच कारणीभूत’ असं कुणी म्हणणार असेल, तर त्याला सिद्धांत कळलेला नाही. रोगप्रतिकारशक्ती कुणाच्या इच्छेने चालत नाही. आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे, की समलैंगिकता हा आजार नाही. मग ‘दोषी कोण’ हा प्रश्न उरतोच कुठे?

आता उत्क्रांती. ज्याने वंश वाढत नाही ते टिकलं कसं, हा नेहमीचा प्रश्न. १९७५ मध्ये जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी सुचवलं, की स्वतःची मुलं नसलेला मामा किंवा काका भाचे-पुतण्यांना वाढवायला हातभार लावत असेल. कल्पना मनाला भावणारी आहे, पण गणित कडक आहे. मुलात आपली निम्मी जनुकं असतात, भाच्यात पाव. म्हणून गमावलेल्या एका मुलामागे त्याच्या मदतीवाचून जगले नसते असे दोन भाचे हवेत. सामोआ बेटांवरच्या फाआफाफिने समाजात, म्हणजे स्त्रीसारखं जगणाऱ्या आणि पुरुषांकडे ओढ असणाऱ्या व्यक्तींमध्ये, भाच्यांची अशी जास्त काळजी संशोधक पॉल वेझी यांना खरोखर आढळली. जपान आणि कॅनडातल्या समलिंगी पुरुषांत मात्र ती दिसली नाही.

भावांच्या स्पष्टीकरणाला अशा फायद्याची गरजच पडत नाही, म्हणून मला ते अधिक पटतं. आईची प्रतिकारशक्ती जिवावरचे संसर्ग परतवते, ती टिकणारच. तिचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या मुलग्यावर थोडासा झाला, तरी आधीचे मुलगे जन्मलेले असतात आणि नैसर्गिक निवडीला कात्री चालवायला फारसं कारण उरत नाही. शरीरातल्या प्रत्येक गोष्टीमागे काही हेतू असावाच लागतो, असं उत्क्रांती कधी म्हणत नाही.

वाद अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी जुने आकडे पुन्हा तपासून म्हटलं, की या परिणामाचा बराच भाग मोजण्याच्या पद्धतीतून आलेला असू शकतो. त्याआधी वर्षभर नेदरलँड्समधल्या ९० लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या होत्या. तिथे थोरल्या भावांचा परिणाम दिसला. समलिंगी विवाह केलेल्या पुरुषांत दिसला आणि स्त्रियांतही. हे दुसरं टोचणारं आहे. मुलीकडे वाय गुणसूत्र नाही, न्यूरोलिगिन-४ वाय नाही, तर आईच्या प्रतिपिंडांनी तिच्या मेंदूत धरायचं काय? स्त्रियांवर या विषयात इतकं कमी संशोधन का झालं आणि जे झालं ते काय सांगतं, ते पुढच्या आठवड्यात.