🌦️ *अवकाळीचे दिवस : ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे नक्की काय, आणि आपण काय करायचं?*



रोह्यात डोलवहाळच्या कालव्यावर आणि पेणमध्ये हेटवणे धरणाच्या पाण्यावर उन्हाळी भात पिवळं पडलंय. आंबाही उतरायला आलाय. आणि नेमकं आत्ताच सकाळी कडक ऊन, दुपारनंतर घाटाकडे काळे ढग, असं चाललंय. दरवर्षी या दिवसांत सभासदांचा एकच प्रश्न असतो : “पिवळा अलर्ट आला, दिवसभर वाट बघितली, थेंब नाही पडला. मग अंदाज कशाला बघायचा?”

प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज अंदाज कसा वाचायचा ते नीट समजून घेऊ.

📌 *‘तुरळक ठिकाणी’ चा अर्थ*

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त चारातल्या एका ठिकाणी पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या भागात. त्यामुळे वडखळला सरी पडल्या आणि कोलाडला कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं नाही. तो अंदाज जिल्ह्याचा असतो, आपल्या शेताचा नव्हे. पण चार-पाच दिवस रोज ‘तुरळक’ येत असेल, तर त्यातला एखादा दिवस आपला निघू शकतो, हेही तितकंच खरं.

रंगांचं असं आहे : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. या दिवसांत पिवळा अलर्ट बहुतेक वेळा विजा आणि ताशी ३०-४० किमीच्या वाऱ्यासाठी असतो. फक्त पावसासाठी नाही.

📌 *मे महिन्यातला पाऊस तीन तऱ्हेचा*

*१) वळीव.* दिवसभर जमीन तापते, खाडीकडून दमट वारा आत येतो, सह्याद्रीला थडकून वर चढतो आणि दुपारी घाटमाथ्यावर ढग उभे राहतात. वरचा वारा पूर्वेकडून असला की हेच ढग संध्याकाळी आपल्याकडे सरकतात. म्हणून या दिवसांत समुद्राकडे नाही, घाटाकडे बघायचं. सूचना मिळते फार तर दोन-तीन तास आधी.

*२) समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र किंवा वादळ.* १७ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्यासमोरून वर गुजरातकडे गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग थेट रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. बागा कशा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. याची सूचना साधारण तीन-चार दिवस आधी मिळू शकते.

*३) लवकर आलेला मान्सून.* मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे लाच पोचला. ‘मृगाला अजून वेळ आहे’ म्हणून पेंढा बाहेर ठेवणं आता परवडत नाही. केरळात मान्सून कधी येणार याचा अंदाज हवामान खातं मेच्या मध्यावर देतं. त्यावर लक्ष ठेवा.

📌 *हिशोब असा करा*

‘पाऊस येईल का?’ यापेक्षा ‘आला तर माझं किती जाईल?’ हा प्रश्न विचारा. १० मिमी म्हणजे तसा हलकाच पाऊस. पण एका गुंठ्यावर त्याचं साधारण १००० लिटर पाणी होतं, म्हणजे घरावरची मोठी टाकी भरून. खळ्यावर पसरलेल्या भातावर एवढं पाणी पडलं की दाणा काळवंडतो, ढीग गरम होतो, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतो. उलट ताडपत्री घालायला दोन माणसांचा अर्धा तास जातो. चार वेळा झाकलं आणि तीन वेळा पाऊस नाही आला, तरी चौथ्या वेळी सगळं वसूल.

🌾 *उन्हाळी भात*

▪️ लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापणी सुरू करा. पूर्ण वाळायची वाट बघू नका.
▪️ कापणीच्या ८-१० दिवस आधी खाचरातलं पाणी काढून टाका. नाहीतर वाऱ्याने भात आडवं पडलं की लोंब्या पाण्यात जातात.
▪️ एका दिवसात जेवढं झोडून झाकता येईल *तेवढंच कापा.* मजूर मिळाले म्हणून सगळं एकदम आडवं करू नका.
▪️ पहाटे कामाला लागा. दुपारी तीनच्या आत भारे खळ्यावर आणि भात ताडपत्रीखाली.
▪️ ताडपत्री फक्त वरून नको. खाली पेंढ्याचा थर घाला आणि कडेने चर काढा. पाणी खालूनच जास्त शिरतं.
▪️ भात भिजलंच तर ढीग करून ठेवू नका. घरात, पडवीत, जिथे जागा असेल तिथे पातळ पसरा, पंखा लावा, हाताने परतत रहा.
▪️ सरकारी खरेदीला ओलावा १७ टक्क्यांच्या आत लागतो. घरी साठवायचं असेल तर १४ टक्क्यांपर्यंत वाळवा.

🥭 *आंबा*

▪️ तयार झालेला आंबा वाऱ्याच्या भरवशावर झाडावर ठेवू नका. १४ आणे तयार फळ झेल्याने, देठासकट उतरवा.
▪️ ओलं फळ काढू नका आणि ओलं पेटीत भरू नका. पावसानंतर करपा आणि देठकूज वाढते, पेटी मार्केटला पोचेपर्यंत डाग दिसतात.
▪️ पडलेला आंबा चांगल्या मालात मिसळू नका. एका सडक्या फळाने अख्खी पेटी जाते. कैऱ्या लोणच्यासाठी वेगळ्या द्या.
▪️ किडकी फळं बागेत पडू देऊ नका, गोळा करून खोल पुरा. फळमाशी तिथूनच वाढते.
▪️ काढणी तोंडावर असताना घाईने औषध फवारू नका. अंश फळात राहतो. आधी विचारून घ्या.

🥒 भाजीपाल्याच्या वाफ्यांतून पाणी निघायला वाट करून ठेवा. मांडवाच्या तारा आणि खांब आत्ताच तपासा. आणि ताईंनो, वाळत घातलेले पोह्याचे पापड, कुरडया, मिरच्या दुपारनंतर अंगणात ठेवू नका.

⚡ *विजेच्या बाबतीत हिशोब नाही*

वर सांगितलेला हिशोब पिकाचा. माणसाच्या जिवाला तो लावायचा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज १० किमीच्या आत आहे. *काम सोडा.* भारे भिजले तर भिजू द्या. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. आंब्याखाली, एकट्या झाडाखाली, मोकळ्या खाचरात थांबू नका. धरणाच्या, कालव्याच्या किंवा खाडीच्या पाण्यात असाल तर आधी बाहेर या. गुरं झाडाला बांधू नका. शेवटच्या गडगडाटानंतर *३० मिनिटं* बाहेर पडायचं नाही.

फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा आणि लोकेशन चालू ठेवा, आसपासच्या विजेची सूचना येते. शेतीचा सल्ला ‘मेघदूत’ वर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

📸 *नुकसान झालंच तर*

आवराआवर करायच्या आधी फोटो काढा, शेत आणि गट ओळखू येईल असे. त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहाय्यकांना कळवा, पंचनाम्याला स्वतः हजर रहा. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं, त्यामुळे पंचनाम्यात आकडा काय लिहिला ते वाचूनच सही करा. आंब्याचा फळपीक विमा वेगळा : त्यात पावसाची भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा शेजाऱ्यांना हा मेसेज वाचून दाखवा. ताडपत्री कमी पडत असेल किंवा भाताचा ओलावा मोजून हवा असेल, तर आपल्या गटप्रमुखांना आजच सांगा. पाऊस आल्यावर नको. 🙏