मेंदूतील रसायनांची हजेरी

तुम्ही भोवरा फिरविला असेलच. वेग कमी होऊ लागला, की तो फिरता फिरता डोलू लागतो. तुमच्या शरीरातील पाण्याच्या प्रत्येक रेणूत असे दोन इवलेसे भोवरे आहेत. ते म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे. १.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ती सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष वेळा डोलतात! तेवढ्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या, तर ती ऊर्जा घेतात आणि मग स्वतःच क्षीण संदेश देऊ लागतात. फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली स्वतंत्रपणे हा आविष्कार दाखविला. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एम.आर.आय. चित्र मुख्यतः पाण्याच्या संदेशावरून तयार होते. त्यात मेंदूची रचना दिसते. पण तेथे कोणती रसायने आहेत, हे कसे ओळखावे?

येथे इलेक्ट्रॉन मदतीला येतात. केंद्राभोवतालचे इलेक्ट्रॉन बाहेरचे क्षेत्र किंचित अडवितात. म्हणून हायड्रोजन कोणत्या रेणूत बसला आहे, त्यानुसार त्याची डोलण्याची गती जराशी बदलते. हा फरक दहा लक्षांत काही थोड्या भागांचाच असतो. पण तो मोजता येतो. आलेखावर प्रत्येक रसायनाचे शिखर ठरलेल्या जागी उमटते. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे मुख्यतः चेतापेशींत असते, क्रिएटिन ऊर्जेच्या साठवणीत भाग घेते, कोलीनची संयुगे पेशींच्या पटलांशी निगडित असतात, तर प्राणवायू कमी पडला की लॅक्टेट वाढते. पाण्याचा संदेश यांच्या हजारो पट मोठा असल्याने तो आधी दडपावा लागतो.

आता मेंदूचे लहान लहान घन कल्पा आणि प्रत्येक घनाचा वेगळा आलेख काढा. झाला रसायनांचा नकाशा!

लहान मुलांच्या बाबतीत एक गंमत आहे. नवजात बाळात कोलीनचे शिखर उंच व एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचे ठेंगणे असते. पहिल्या काही वर्षांत मेंदू वाढतो, तसे दुसरे शिखर झपाट्याने वर चढते.

या आलेखाने काय साधते, ते पाहा. जर्मनीतील गोटिंगेन येथे २२ महिन्यांच्या एका मुलाची वाढ खुंटली होती. हालचालींवर ताबाही नव्हता. त्याच्या मेंदूच्या आलेखात क्रिएटिनचे शिखर जवळजवळ नव्हतेच! शरीर क्रिएटिन तयार करीत नसावे, असा तर्क करून डॉक्टरांनी ते तोंडावाटे दिले. शिखर हळूहळू वाढू लागले आणि मुलाची प्रकृतीही सुधारू लागली. १९९४ साली ही हकिगत प्रसिद्ध झाली. क्रिएटिन बनविणाऱ्या एका विकराचा हा जन्मजात दोष होता. एका हरवलेल्या शिखरामुळे उपचार करता येण्याजोगा नवा रोग सापडला!

या तपासणीत क्ष-किरण नसतात. मात्र यंत्र मोठा आवाज करते आणि मुलाला बराच वेळ निश्चल राहावे लागते. म्हणून तान्ह्या बाळांची तपासणी बहुधा ती झोपेत असताना करतात.

आता एक प्रश्न. एखाद्या आलेखात एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटचे शिखर ठेंगणे दिसले. लगेच रोग आहे असे म्हणाल काय? की आधी मुलाचे वय विचाराल?