तेल अंगाला नको, वाडग्यात हवं

दिवाळी सरली, हवेतला ओलावा ओसरला, की सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात कुत्र्यांच्या कोंड्याच्या तक्रारी वाढू लागतात. 'अंगावरून हात फिरवला की पांढरा भुगा पडतो.' 'रात्रभर खाजवत बसतो, कुणाला झोप नाही.' 'अंगावरची चमकच गेली हो डॉक्टर.' तपासायला हात लावला, की बहुतेकांच्या अंगाला आधीच तेल चोपडलेलं असतं. कुणी खोबरेल, कुणी तिळाचं, कुणी कडुनिंबाचं. केस चिकटलेले, त्यात धूळ बसलेली आणि कुत्रं स्वतःला चाटून चाटून बेजार. घरच्यांची माया खरी असते, फक्त तेलाची जागा चुकलेली असते. कुत्र्याच्या कोरड्या कातडीला तेल हवंच असतं, पण ते पोटातून मिळायला हवं.

असं का, हे समजायला कातडीची रचना थोडी माहीत हवी. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण दहा ते पंधरा थर असतात, कुत्र्याच्या बाह्यत्वचेत जेमतेम तीन ते पाच. केसांखाली दडलेली ही कातडी आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक असते. साधारण तीन आठवड्यांत ती नव्याने तयार होते. जुन्या पेशी वर सरकतात आणि गळून पडतात. पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात, म्हणून आतलं पाणी बाहेर उडून जात नाही. हे स्निग्ध अस्तर रक्तातून आलेल्या मालावर आतूनच घडतं. माल कमी पडला, की अस्तर विरळ होतं, पाणी उडतं, पेशी अवेळी सुटतात आणि कोंडा दिसू लागतो. रोजच्या आहारातल्या प्रथिनांचा पाव हिस्सा, कधी त्याहून अधिक, एकट्या कातडी-केसांवर खर्च होतो. खाणं तुटपुंजं असेल तर शरीर आधी हृदय, यकृत, मेंदू सांभाळतं आणि कातडी-केसांचा नंबर शेवटी लागतो.

आधी कारण शोधा

खाण्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करावी लागते: हा नुसता कोरडेपणा आहे, की मागे दुसरा आजार आहे? एक तपासणी घरीच करता येते. पांढरा कागद ओला करून जमिनीवर ठेवा. कुत्र्याला त्यावर उभं करून कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत बारीक दातांची फणी फिरवा. कागदावर काळे ठिपके पडले आणि मिनिटभरात त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. पिसवा रक्त पितात, म्हणून तो रंग. पांढरे कण पडले आणि त्यातले काही हलताना दिसले, तर तो कोंडा नसून कोंड्यात राहणारे किडे आहेत. यांपैकी एक जरी असेल, तरी आहार कितीही सुधारा, खाज थांबणार नाही.

कानांच्या कडा आणि कोपरांवर खपल्या, अंगावरचे केस गेलेले, खाज अनावर आणि घरातल्या माणसांच्याही हातापोटावर खाजरे पुरळ, असं चित्र दिसलं तर खरूज समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कातडीला आंबूस वास येतो, कोंडा पिवळट आणि चिकट आहे, तर बुरशीचा संशय घ्यावा. कुत्रं मध्यम वयाचं आहे, खाणं तेवढंच असूनही वजन वाढतंय, दिवसभर सुस्त पडून असतं, शेपटीचे केस विरळ झालेत, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि डॉबरमन या जातींत हा आजार जास्त दिसतो.

या सगळ्या शंका दूर झाल्या, की मग खाण्याची चौकशी करायची.

भाकरी, दूध आणि उपाशी कातडी

अक्कलकोटकडच्या एका शेतकऱ्याने त्याचा कारवान आणला होता. नाव वाघ्या. लांब पाय, निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट. या शिकारी जातीच्या बरगड्या थोड्या दिसायच्याच, त्यामुळे अंगकाठीची काळजी नव्हती. पण केस राठ झाले होते, पाठीवर राखेसारखा कोंडा होता आणि कोपरांची कातडी जाड, काळी पडली होती. किडे नव्हते, बुरशी नव्हती.

"खायला काय देता?" मी विचारलं.

"आम्ही खातो तेच की ताई. भाकरी-ताक. कधी भाकरी-दूध."

हे उत्तर मला रोज मिळतं. शहरात भाकरीच्या जागी पोळी आणि ताकाच्या जागी दूध येतं, एवढाच फरक. कुत्र्यांच्या खाद्याची जी अमेरिकी मानकं जगभर वापरली जातात, त्यांनुसार प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या आहारात किमान 18 टक्के प्रथिनं आणि साडेपाच टक्के स्निग्धांश हवा. भाकरी किंवा पोळी या दोन्हींत खूप कमी पडते. शिवाय धान्याच्या कोंड्यातल्या फायटेट या घटकाला जस्त चिकटून बसतं आणि ते अंगी लागत नाही. जस्त कमी पडलं की कातडी जाड होते, खपल्या धरते. दुधाने भर पडते खरी, पण मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि बऱ्याच जणांना पातळ शी होते.

वाघ्याच्या वाडग्यातली भाकरी मी निम्म्यावर आणली. उरलेल्या जागी उकडलेली अंडी आणि कोंबडीचं बिनहाडाचं शिजवलेलं मांस, आठवड्यातून एकदा थोडी काळीज-कलेजी आणि कॅल्शियमची पूड सांगितली. मग तेलाकडे आले.

"घरात तेल कुठलं आहे?"

"शेतात करडी हाय की. घाण्यावरनं काढून आणतो."

याहून चांगलं उत्तर नव्हतं. कुत्र्याला लिनोलेइक आम्ल शरीरात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं; कातडीचं अस्तर त्याच्यावर उभं असतं. करडईच्या तेलात ते 70 टक्क्यांहून अधिक असतं. शेंगदाणा तेलात साधारण तीस टक्के, तर खोबरेलात दोनेक टक्केच. म्हणून खोबरेल वाडग्यात घालूनही कातडीला फारसा उपयोग होत नाही. सोलापूर, लातूर, परभणी या करडईच्या पट्ट्यात घराघरांत असलेलं तेल कुत्र्याच्या कातडीसाठी उत्तम आहे. करडई मिळत नसेल तर सूर्यफुलाचं चालतं.

प्रमाण मात्र चमच्यानेच मोजायचं. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला एक छोटा चमचा कच्चं तेल, जेवणात कालवून. सुरुवात पाव चमच्याने करावी आणि आठवड्याभरात वाढवत न्यावं. एका चमच्यात साधारण 40 उष्मांक असतात, तेवढं बाकीचं खाणं कमी करा. कुत्रं लठ्ठ असेल किंवा त्याला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल वाढवू नका.

दुसरा आधार माशाच्या तेलाचा. ओमेगा-3 खाज आणि दाह कमी करतं. कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी तारली किंवा बांगडा वाफवून, सगळे काटे काढून, मिठाशिवाय द्यावा. आमच्यासारख्यांना कॅप्सूल बऱ्या. मात्र पाकिटावर 'माशाचं तेल 1000 मिलिग्रॅम' लिहिलेलं असलं तरी त्यात ईपीए आणि डीएचए मिळून किती, तो आकडा बघायचा. साध्या कॅप्सूलमध्ये तो 300 च्या आसपास असतो. डोस वजनानुसार डॉक्टर ठरवतील. कॉड माशाच्या यकृताचं तेल त्याऐवजी देऊ नये, त्यातून अ आणि ड जीवनसत्त्वं जास्त होऊ शकतात. जवसाची पूड चालते, पण जवसातल्या ओमेगा-3 चा फार थोडा भागच कुत्र्याचं शरीर वापरू शकतं.

घर शाकाहारी असेल तर पनीर, घट्ट दही, मऊ शिजवलेली डाळ यांवर प्रथिनांची बाजू बरीच सावरता येते. पण पूर्ण शाकाहारी घरगुती आहारात जस्त, कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वं वेगळी द्यावीच लागतात. तेवढं सांभाळणं जमत नसेल, तर प्रौढ कुत्र्याचा संपूर्ण आहार असं लिहिलेलं चांगलं तयार खाद्य आणा. आपल्या ताटातलं काही द्यायचं असेल तर फोडणीआधी बाजूला काढा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, बेदाणे मूत्रपिंडाला घातक आहेत. अंडं शिजवूनच द्या. कच्च्या पांढऱ्या बलकातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन अडवून ठेवतं आणि बायोटिनशिवाय कातडी सुधारत नाही.

अंघोळ, फणी, अंथरूण

कोरड्या कातडीच्या कुत्र्याला दर रविवारी साबण लावणं म्हणजे उरलंसुरलं स्निग्धही धुऊन टाकणं. तीन-चार आठवड्यांतून एक अंघोळ पुरे. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्यांसाठीच बनवलेला, ओट असलेला मिळाला तर उत्तम. माणसाच्या कातडीचा सामू साडेपाचच्या आसपास असतो, कुत्र्याचा सातकडे झुकणारा. आपला साबण त्यांना मानवत नाही. अंघोळीआधी केस विंचरून घ्या. फेस अंगावर पाच-दहा मिनिटं राहू द्या आणि मग भरपूर पाण्याने धुवा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्यात साबण लवकर निघत नाही. काख, जांघ आणि पोटाखालून निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पाणी घालत राहावं. राहिलेला साबण हे खाजेचं नेहमीचं कारण आहे.

रोज पाच मिनिटं मऊ ब्रश फिरवा. कातडीतलं नैसर्गिक तेल केसांच्या टोकापर्यंत पसरतं आणि गोचीड वेळेत सापडते. थंडीत पाण्याची भांडी दोन ठेवा. शहाबादी फरशीवर झोपणाऱ्या कुत्र्यांची कोपरं हमखास जाड होतात. जुनी सोलापुरी चादर चारपदरी करून अंथरा. फुटलेल्या पंजांना आणि नाकाला किंचित खोबरेल लावायला हरकत नाही. एवढ्याच जागेपुरतं ते उपयोगी आहे.

काही उपाय मात्र पूर्ण बंद व्हायला हवेत. गॅरेजमधलं जळकं ऑइल फासण्याची प्रथा आमच्या भागात अजून आहे. त्यात जड धातू असतात, कुत्रं ते चाटतं आणि विष थेट पोटात जातं. फिनाईल, कीटकनाशकाची पावडर, टी ट्री तेल यांनीही विषबाधा होते. एका कुत्र्यासाठी लिहून दिलेलं खरजेचं औषध दुसऱ्याला परस्पर देऊ नका. कॉलीसारख्या काही जातींना त्यातली काही औषधं जीवघेणी ठरतात.

किती थांबायचं?

वाघ्याच्या मालकाने दोन आठवड्यांत फोन केला, "ताई, फरक न्हाई." मी त्याला नेटाने चालू ठेवायला सांगितलं. नवी कातडी यायला तीन आठवडे, नवे केस दिसायला त्याहून जास्त. आहारातल्या तेलाचा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी कळतो. संक्रांत झाल्यावर तो परत आला तेव्हा वाघ्याच्या पाठीवरून हात घसरत होता. कोंडा गेला होता, कोपरांचा काळेपणा थोडा उरला होता. बहुतेक घरं तिसऱ्या आठवड्यात कंटाळून उपाय बदलतात आणि कुठल्याच उपायाला पुरता वेळ मिळत नाही.

वाचकांना एक कळकळीचं सांगणं आहे. कातडी बिघडली, केस गळाले, वास यायला लागला म्हणून पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडलेली मी पाहते. 'रोग झालाय, लेकरांना लागेल' हे कारण ठरलेलं. नुसता कोरडेपणा कुणालाच लागत नाही, आणि खरूजसुद्धा औषधाने पूर्ण बरी होते. तुमच्या घरातलं कुत्रं खाजवत असेल, तर आज त्याला ओल्या कागदावर उभं करून फणी फिरवा, त्याच्या वाडग्यात काय पडतंय ते बघा आणि जवळच्या पशुवैद्याला एकदा दाखवा. त्याला घराबाहेर काढू नका.