तळघर, पत्र्याची शेड आणि घुमणारा आवाज

उत्तम आवाजाचा स्पीकर महागड्या दुकानातूनच आणावा लागतो, असं अनेकांना वाटतं. पण हाय-फायच्या इतिहासातले कितीतरी मोठे शोध तळघरात, शेडमध्ये, करवत आणि डिंक हाताशी घेऊन बसलेल्या वेड्या माणसांनी लावले. त्यांच्या आणि त्यांच्या पेट्यांच्या या काही भन्नाट गोष्टी.

घराखाली कारखाना
इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे गिल्बर्ट ब्रिग्ज कापडाच्या धंद्यातले, पण जीव संगीतात. १९३२ साली त्यांनी इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात केली. तीच पुढे गाजलेली वॉर्फडेल कंपनी! पेटीची फळी थरथरू नये म्हणून प्लायवुडच्या दोन थरांमध्ये चक्क कोरडी वाळू भरायची युक्ती त्यांनी वापरली. १९४८ मध्ये लाउडस्पीकरवर सोपं पुस्तक लिहून त्यांनी हे ज्ञान सर्वांना खुलं केलं.

खोलीचा कोपराही स्पीकरच
अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात होप नावाचं गाव आहे. तिथे पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये आपला ‘क्लिप्शहॉर्न’ बनवायला घेतला. हा स्पीकर कोपऱ्यात ठेवायचा. खोलीच्या दोन भिंती त्याच्या कर्ण्याचाच पुढचा भाग होतात. भिंतीलगत ठेवलेला कुठलाही स्पीकर खर्जात जास्त घुमतो, त्यामागेही भिंतीच असतात. क्लिप्शहॉर्न आजही बनतो.

बंद पेटीतली हवा कामाला
पूर्वी दणदणीत खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी स्पीकरचा थरथरून आवाज काढणारा शंकू मुद्दाम सैल बसवला आणि त्याला जागेवर परत आणण्याचं काम हवाबंद पेटीतल्या हवेवर सोपवलं. शंकूभोवतीच्या लवचीक कड्याचा आराखडा त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी बेतला. पेटी एवढी लहान झाली की ती पुस्तकांच्या फळीवर मावू लागली. या युक्तीचं पेटंट पुढे कोर्टात टिकलं नाही. विल्चर यांनी अपील केलं नाही आणि ही कल्पना सगळ्यांची झाली.

अंदाज संपला, गणित आलं
पेटी किती लिटरची हवी? पूर्वी हे अनुभवाने, चुकतमाकत ठरायचं. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातले इंजिनियर नेव्हिल थील यांनी त्याचं गणित मांडलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. आज चांगल्या ड्रायव्हरसोबत, म्हणजे पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरसोबत, येणाऱ्या कागदावर ‘थील-स्मॉल’ आकडे छापलेले असतात. ते फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. पेटीचं माप आणि हवा आत-बाहेर करणाऱ्या पोर्टच्या नळीची लांबी मिनिटात हाती!

१७ मीटर विरुद्ध पावणेदोन सेंटिमीटर
माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत खालच्या, २० हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट सुमारे १७ मीटर लांब असते. सर्वांत वरच्या, २० हजार हर्ट्‌झच्या स्वराची जेमतेम १.७ सेंटिमीटर! म्हणूनच खर्जाला मोठा वूफर आणि टिपेला इवलासा ट्वीटर. दोघांमध्ये सुरांची वाटणी करतो क्रॉसओव्हर. वूफरच्या वाटेत तारेची कॉइल, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर, ही त्याची सर्वांत साधी मांडणी. तो कपॅसिटर वगळलात तर नाजूक ट्वीटर जळू शकतो.

दीड व्होल्टची परीक्षा
वूफरच्या तारांवरची अधिक-उणे खूण पुसली गेली? साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. शंकू बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्या तारेला लागलं ती अधिक. ही चाचणी ट्वीटरवर मात्र करू नका. जोडीतल्या एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की खर्ज एकमेकांना मारतो आणि गाणं पोकळ वाटू लागतं.

वॅटच्या मोहात पडू नका
वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात! त्यामुळे खोक्यावरच्या वॅटपेक्षा ड्रायव्हरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती आवाज देतो, ते आधी बघा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा ड्रायव्हर घेतलात तर तेवढ्याच आवाजाला निम्मेच वॅट पुरतात.

चला लॅमिंग्टन रोडला
मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ही इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची पंढरी. ड्रायव्हर, कपॅसिटर, वायर, टर्मिनल तिथे शोधायचे. पेटीला १८ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगला प्लाय, आत एक-दोन आडव्या पट्ट्या आणि थोडा पॉलिएस्टर कापूस. कापूस आतली उसळती लाट शोषतो, शिवाय पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते. सांधे मात्र घट्ट हवेत. बंद पेटीत बारीकशा फटीतूनही फुसफुस ऐकू येते.

खरी कसोटी तानपुऱ्याची
दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण साधा. ट्वीटर कानाच्या उंचीवर. आता तानपुरा लावा. जवारीतून उमटणारे वरचे स्वर सुटेसुटे ऐकू आले तर टीप जमली. मग तबला लावा. डग्ग्याची घुमक गोल आणि स्वच्छ आली, गुरगुरली नाही, तर खर्ज जमला. शेवटी ओळखीच्या गायकाचा आवाज ऐका. माणसाच्या आवाजातली खोट कान लगेच पकडतो.

सुरुवात करायचीच तर खर्जापासून टिपेपर्यंत सगळं वाजवणारा एकच फुल-रेंज ड्रायव्हर आणि छोटी पेटी घ्या. त्यात क्रॉसओव्हरची कटकट नाही, खर्च आटोक्यात आणि सुट्टीच्या दोन दिवसांत काम उरकतं. स्वतः कापलेल्या, चिकटवलेल्या पेटीतून आवडतं गाणं एकदा ऐकाच. पुढची पेटी आपोआप डोक्यात शिजू लागेल!